चवीनं खाणार, त्याचं वजन उतरणार!

वजन कमी करायचंय, पण मिसळ-वडापाव सोडवत नाही? मग सोडू नका. सोडायचंय ते भलतंच काहीतरी आहे!

‘सोमवारपासून नक्की!’

हे वाक्य तुम्ही स्वतःला किती वेळा ऐकवलंय? चार-पाच वेळा तरी नक्कीच. रविवारी रात्री डोक्यात सगळा प्लॅन तयार असतो. साखर बंद, भात बंद, तळलेलं बंद, बाहेरचं तर एकदम बंद. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री सूप. फिटनेसचे चार व्हिडिओ सेव्ह करून झालेले असतात. कपाटाच्या तळाशी गेलेले स्पोर्ट्स शूज वर आलेले असतात.

सोमवार भारी जातो. मंगळवारही कसाबसा रेटून नेता. बुधवारी प्रॅक्टिकल लांबतं, पोटात कावळे ओरडायला लागतात आणि नेमका कॅन्टीनमधून गरमागरम वड्यांचा वास येतो. एक वडापाव होतो. मग दुसरा होतो. मग ‘जाऊ दे, आता मोडलंच आहे तर मोडलंच’ म्हणून वर एक कोल्ड्रिंक होतं. आणि रात्री पडल्या पडल्या मनात एकच टोचणी, की आपल्यात विलपॉवरच नाही यार!

थांबा. इतक्या लवकर स्वतःला नापास करू नका. तुमच्या विलपॉवरचं काय ते आपण नंतर बघू. आधी जरा त्या प्लॅनची परीक्षा घेऊ.

उपाशी डोकं काय करतं?

१९४४ सालच्या अखेरीची गोष्ट. दुसरं महायुद्ध चालू होतं, युरोपात लोक अन्नावाचून हाल काढत होते. युद्ध संपल्यावर या माणसांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे शोधायला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं एक प्रयोग हाती घेतला. ३६ धडधाकट तरुण स्वतःहून अर्धपोटी राहायला तयार झाले. जवळपास सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत होत्या आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं होतं.

वजन उतरलं. थोडंथोडकं नाही, जवळपास चौथा हिस्सा उतरलं. पण सोबत आणखी काय काय झालं बघा. या मुलांच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरा विषय उरला नाही. कुणी पाककृतींची पुस्तकं वाचायला लागलं, कुणी रिकामं ताट चाटायला लागलं. स्वप्नातही जेवणच. चिडचिड, उदासी, सतत थंडी वाजणं, कशातच लक्ष न लागणं. प्रयोग संपला, पोटभर जेवण सुरू झालं, तरी अनेकांची भूक काही केल्या भागेना.

आता विचार करा. ते तरुण १,५७० कॅलरींवर इतके कासावीस झाले आणि आपण एखादं रील बघून ८००-१,००० कॅलरींवर राहायला निघतो. तेही लेक्चर, लोकलची गर्दी, सबमिशन सगळं सांभाळून. बुधवारी वड्याचा वास येऊन पाय लटपटले, तर त्यात नवल ते काय? शरीर आपलं काम चोख करत होतं, एवढंच.

आणि त्या ‘जाऊ दे’चं काय? त्याचाही अभ्यास झालाय. १९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या दोघांनी कॉलेजातल्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीमची चव घ्यायला सांगितली. ज्या मुली एरवी खाण्याचं फार टेन्शन घेत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. साहजिक आहे, पोट भरलं होतं. पण ज्या सतत डाएटच्या विचारात असायच्या, त्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं! आजचा दिवस तसाही वाया गेला, मग मागे कशाला राहायचं?

म्हणजे बंदी जितकी कडक, तितका ती मोडल्यावरचा धिंगाणा मोठा. तुमचा बुधवार बिघडला तो सोमवारीच ठरलेला होता.

टोमण्यांनी वजन उतरत नाही

आता विलपॉवरकडे वळू. वजन कमी करावंसं तुम्हाला वाटलं, ते नेमकं कधी?

बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. लग्नात भेटलेली मामी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘अगंबाई, किती सुटलीस गं!’ ग्रुपमध्ये ‘ए जाड्या’ हे नावच पडून गेलं. जीन्स घालून बघताना दुकानदार म्हणाला, ‘तुमच्या साइजमध्ये नाही मिळणार.’ मुलींना वर ‘उद्या लग्न ठरवताना…’ हे पालुपद ऐकावं लागतं. मुलांच्या बाबतीत सगळा मामला चेष्टेवर नेतात आणि त्यानंही हसून घ्यावं अशी अपेक्षा असते.

बोलणाऱ्यांना खरंच वाटत असतं, की लागट बोललं की पोरगं जिद्दीला पेटेल. होतं उलटंच. अमेरिकेत ६ हजारांहून जास्त प्रौढांची चार वर्षांच्या अंतरानं पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. वजनावरून ज्यांना वाईट वागणूक मिळाली होती, ते पुढे लठ्ठपणाकडे झुकण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे अडीचपट होती. लाज वाटली की माणूस ग्राउंडवर जायचं टाळतो, फोटोतून मागे सरकतो, चारचौघांत कमी खातो आणि खोलीचं दार लावून वेफर्सचं पाकीट संपवतो. यातलं काय वजन उतरवणार?

म्हणून पहिलं काम हे, की मामीसाठी बारीक व्हायचं कॅन्सल करा. ज्याचं कारण दुसऱ्याच्या तोंडात आहे, तो निश्चय दुसऱ्याच्याच हातात राहतो.

तुमचं कारण कुठलं?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे रोचेस्टर विद्यापीठातले दोन मानसशास्त्रज्ञ. माणूस एखादी गोष्ट टिकवून का करतो, यावर त्यांनी अनेक दशकं काम केलं. त्यांच्या म्हणण्याचं सार सोपं आहे. भीती, बक्षीस किंवा लोकलाजेपोटी सुरू केलेलं काम ते दडपण हटलं की थांबतं. जे आपलं आपण निवडलंय, जे करताना आपल्याला जमतंय असं वाटतं आणि ज्यात सोबतीला माणसं आहेत, ते टिकतं.

ताईच्या लग्नासाठी उतरवलेलं वजन म्हणूनच पूजेपर्यंत टिकतं आणि नंतरच्या जेवणावळींत परत येतं.

त्यापेक्षा वाक्य बदलून बघा. ‘मला दहा किलो कमी करायचेत’ याऐवजी ‘मला अमुक करता यायला हवं’. यंदा पथकात ढोल कमरेला बांधून पूर्ण मिरवणूक वाजवायचीय. कळसूबाईच्या १,६४६ मीटरवर जाऊन सूर्योदय बघायचाय आणि तोही सगळ्यांच्या मागे धापा टाकत न राहता. पोलीस भरतीचं ग्राउंड मारायचंय, मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. कॉलेजच्या जुन्या इमारतीत लॅबसाठी तीन मजले चढताना बोलणं थांबायला नको. बाबांना चाळिशीत शुगर निघाली, ती वेळ आपल्यावर लवकर यायला नको. पाळी अनियमित आहे, डॉक्टरांनी पीसीओएस सांगितलंय, ते आटोक्यात आणायचंय.

यातलं एखादं तुमचं असेल, नसेल तर स्वतःचं शोधा. अट एकच, ते वाचताना लाज नाही, हुरूप वाटला पाहिजे. आणि हो, उतरवायचं वजन फार मोठं असायचीही गरज नाही. वजन जास्त असलेल्या माणसानं पाच ते दहा टक्के जरी कमी केलं, तरी रक्तदाब, साखर यांत फरक पडायला लागतो. ८० किलोच्या माणसासाठी म्हणजे चार ते आठ किलो.

आवडीचं की सवयीचं?

आता मुद्द्याची गोष्ट. कॅलरी मोजायचं अॅप बाजूला ठेवा. वहीचं मागचं पान काढा. तीन दिवस जे जे तोंडात जाईल ते लिहा आणि शेजारी दहापैकी मार्क द्या. मार्क पौष्टिकपणाचे द्यायचे नाहीत, मजेचे द्यायचे. खाताना खरंच किती मजा आली?

प्रामाणिकपणे लिहिलंत तर गंमत दिसेल. रविवारची मिसळ, नऊ. आजीच्या हातचं थालीपीठ आणि लोण्याचा गोळा, दहा. मित्रांबरोबर पावसात खाल्लेली कांदाभजी, साडेनऊ. आणि लेक्चरच्या मध्ये वेळ जात नव्हता म्हणून घेतलेली बिस्किटं? तीन. सिरीज बघताना संपलेलं वेफर्सचं मोठं पाकीट? पहिल्या मूठभराला सात, नंतरचं आठवतच नाही. दुपारची चौथी कटिंग? दोन, कारण सगळे जात होते म्हणून गेलो. मेसमध्ये गप्पांच्या नादात घेतलेली पाचवी पोळी? शून्य, ती खाल्ली हेच लक्षात नाही.

आपण डाएट सुरू करतो तेव्हा नऊ-दहा मार्कांच्या गोष्टी आधी कापतो. मिसळ बंद, पुरणपोळी बंद, आंबा बंद. आणि दोन-तीन मार्कवाल्या तशाच चालू राहतात, कारण त्या खाल्ल्याचं आपल्या हिशेबातच नसतं. मग जीव कासावीस होतो आणि वजनही हलत नाही.

उलट करा. आठच्या वरचं सगळं राहू द्या. पाचच्या खालचं काढून टाका. मधल्याचं बघू नंतर.

थोडा हिशेबच मांडायचा तर बघा. कोल्ड्रिंकच्या लेबलवर १०० मिलीमागे साधारण १०-११ ग्रॅम साखर लिहिलेली दिसते. ६०० मिलीची बाटली म्हणजे ६० ग्रॅमच्या वर, जवळपास पंधरा चमचे. दिवसाला चार कटिंग घेता आणि एकीत दीड चमचा साखर धरली, तर आणखी सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं २,००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम आहे आणि ती २५ ग्रॅमवर, म्हणजे सहा चमच्यांवर आली तर उत्तम. म्हणजे नुसत्या चार कटिंगमध्ये उत्तम कोटा संपला. तेही दोन मार्कांच्या मजेसाठी!

पुरणपोळी वर्षातून किती वेळा होते? होळीला, पोळ्याला, एखाद्या सणाला. फार तर पाच-सहा वेळा. बिस्किटं किती दिवस होतात? तीनशे! आणि बदनाम कोण, तर पुरणपोळी.

पाकीटबंद खाण्याची आणखी एक खोड आहे. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया केलेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, घरगुती पद्धतीचं. दोन्हीकडे साखर, फॅट, मीठ, फायबर सारखंच ठेवलं होतं आणि ‘हवं तेवढं खा’ अशी मोकळीक होती. प्रक्रिया केलेल्या खाण्याच्या काळात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलोनं वाढली. गंमत म्हणजे दोन्ही जेवणांच्या चवीला त्यांनी साधारण सारखेच मार्क दिले होते. म्हणजे जास्त खाल्लं, पण जास्त मजा काही आली नाही.

मजा पूर्ण वसूल करा

आठच्या वरचं ठेवायचं, पण ते खायची पद्धत थोडी बदलायची. वडापाव खायचा ना? मग घाणा उतरला की गरम घ्या. गाडीपाशी उभं राहून, लसणाची चटणी, तळलेली मिरची, सगळं साग्रसंगीत. मोबाइल खिशात. एक एक घास चावून. वड्याची पहिली चव आणि शेवटची चव सारखीच लागली पाहिजे. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि आपण दुसरा वडापाव तिसऱ्याच मिनिटाला मागतो. दुसरा हवाच असेल तर दहा मिनिटं गप्पा मारा, मग मागा. बऱ्याचदा मागावासाच वाटणार नाही.

स्क्रीन बघत जेवताना माणूस जास्त खातो आणि आपण किती खाल्लं हे त्याला नीट आठवतही नाही, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. जेवताना रील बघणं म्हणजे पिक्चरला जाऊन झोपण्यासारखं आहे. तिकिटाचे पैसे गेले, पिक्चर काही कळला नाही.

मिसळीचंच उदाहरण घ्या. मोड आलेली मटकी ही झकास गोष्ट आहे. तिला कुणी नावं ठेवू नयेत. वाढतं ते वरच्या फरसाणाच्या डोंगरामुळे, दुसऱ्यांदा मागितलेल्या तर्रीमुळे आणि ‘एक्स्ट्रा पाव’च्या दोन फेऱ्यांमुळे. फरसाण मूठभर, कांदा-लिंबू भरपूर, पाव दोन. मिसळ मिसळच राहते. तिचे मार्कही नऊच राहतात.

मेस, कॅन्टीन आणि आजी

‘हे सगळं ठीक आहे, पण मेसमध्ये काय निवडणार?’ असं म्हणाल. निवडता येतं, थोडं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना दिल्या. २,००० कॅलरींच्या दिवसात ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं आणि ८५ ग्रॅमच्या आसपास डाळी-कडधान्यं असावीत, असं त्या सांगतात. आपल्या ताटात उलटं असतं. पोळ्या आणि भात डोंगराएवढा, भाजी चिमूटभर, वरण पाणीदार.

मग ताट वाढून घेतानाच क्रम बदला. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाजी, मग पोळी. ‘काकू, आज अर्धा भात आणि वरणातली डाळ खालून द्या’ हे म्हणायला पैसे पडत नाहीत. रोज म्हटलंत की काकूच तुम्हाला बघून पळी तळाशी घालतील. खोलीवर फुटाणे, शेंगदाणे, केळी ठेवा. चालत असेल तर उकडलेली अंडी. दुपारच्या जेवणाला बुट्टी मारून ‘वाचवलेल्या’ कॅलरी संध्याकाळी सहाला दुप्पट व्याजानं परत येतात, म्हणून जेवण चुकवू नका. किन्वा, अव्होकाडो, महागडे डबे यांची काहीही गरज नाही. भाकरी, झुणका, ठेचा, ताक, मटकी, पालेभाजी, हे आपल्याकडं आधीपासूनच आहे आणि चवीला भारी आहे.

घरी गेलात की वेगळी परीक्षा. ‘मेसमध्ये काय मिळतं माझ्या बाळाला’ म्हणत आजी तिसरी पोळी ताटात टाकतेच. तिला ‘मी डाएटवर आहे’ सांगितलंत तर ती दुखावते, आणि ऐकत तर नाहीच. त्यापेक्षा ‘आजी, तुझी ही भाजी रात्रीसाठी ठेव ना, मला परत खायचीय’ म्हणा. तिलाही बरं वाटतं, तुमचंही काम होतं.

घरोघरी रंगणारा ‘दीक्षित की दिवेकर’ हा वादही तुमच्यापर्यंत पोचला असेलच. एकीकडे दिवसातून दोनदाच जेवायचा मंत्र, दुसरीकडे थोडं थोडं, वेळेवर आणि घरचं खायचा आग्रह. काकांना एक जमतं, मावशीला दुसरं. तुमच्यासाठी प्रश्न एवढाच, की ही पद्धत दोन वर्षांनीसुद्धा आनंदानं चालू ठेवाल का? उत्तर ‘नाही’ असेल तर दोन आठवडेही कशाला?

झोपा काढा!

हॉस्टेलवर रात्री दीडला कुणाच्या तरी खोलीत नूडल्स शिजतात. ती भूक पोटाची कमी आणि जागरणाची जास्त असते. शिकागो विद्यापीठात २०२२ साली ८० जणांवर झालेल्या अभ्यासात कमी झोपणाऱ्या आणि वजन जास्त असलेल्या तरुणांची झोप फक्त सव्वा तासानं वाढवली. डाएटचा एक शब्द काढला नाही. तरी त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं. वजन कमी करायचा यापेक्षा आरामाचा उपाय दुसरा नसेल.

घाम शिक्षेचा नको

एका वडापावात अंदाजे ३०० कॅलरी धरल्या, तर साठ-पासष्ट किलोच्या माणसाला त्या जाळायला तासाभराहून जास्त भरभर चालावं लागेल. ‘खाल्लं म्हणून आता पळ’ हा हिशेब त्यामुळे कधी जुळत नाही आणि पळणं म्हणजे शिक्षा होऊन बसते.

व्यायाम वजनासाठी करूच नका, मजेसाठी करा. कबड्डी, बॅडमिंटन, झुंबा, सायकल, ढोल, काहीही. आठवड्याला किमान १५० मिनिटं हालचाल आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम, म्हणजे जोर, बैठका, वजनं उचलणं, एवढं झालं तरी पुष्कळ. पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांना तर सिंहगड आहे. रविवारी पहाटे आतकरवाडीकडून चढायचं आणि वर जाऊन पिठलं-भाकरी, दही, कांदाभजी. चढून आल्यावर त्या भाकरीला जी चव लागते ती गाडीनं वर गेलेल्यांना विचारा, त्यांना नाही सांगता यायची.

काट्याचं फार ऐकू नका

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणं छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! भारतीय माणूस दिसायला सडपातळ असून आतून चरबीदार असू शकतो, हे त्यातून ठसठशीतपणे समोर आलं. म्हणून आपल्याकडं बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त वजन धरतात. १६३ सेंटिमीटर उंचीसाठी म्हणजे साधारण ६१ किलो. सोबत कमरेचं मापही बघतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८० च्या आत.

यात दोन निरोप आहेत. ‘मी कितीही खाल्लं तरी वाढत नाही’ म्हणणाऱ्या काडीपैलवानांनो, तुम्हीही ग्राउंडवर या. आणि रोज काट्यावर उभं राहून रडवेल्या होणाऱ्यांनो, पहिल्या आठवड्यात झटकन उतरतं ते मुख्यतः पाणी असतं. शरीरातल्या साठ्याच्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी साठतं, साठा संपला की तेही जातं. मग ‘आठवड्यात पाच किलो’वाल्या जाहिरातीत खरं काय विकलं जातंय ते ओळखा. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास उतरलं तर गाडी रुळावर आहे. काटा आठवड्यातून एकदा पुरे.

इथं मात्र थांबा

काही वेळा प्रश्न वजनाचा राहत नाही. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, दिवस दिवस उपाशी राहणं, लपून खूप खाणं आणि मग स्वतःचा तिरस्कार वाटणं, पाळी बंद होणं, चक्कर येणं, सगळे ‘किती बारीक झालीस’ म्हणत असताना आरशात आपण जाडच दिसणं. हे तुमच्या किंवा रूममेटच्या बाबतीत दिसलं, तर डाएट तिथंच थांबवा आणि डॉक्टरांशी बोला. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. खाणं फार नसूनही वजन एकदम वाढलं असेल तर थायरॉइड वगैरे तपासून घ्या. आणि जिमच्या मित्रानं दिलेली पावडर, गोळी, इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

सुरुवात कुठून?

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी तपासल्या. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला त्याहून कितीतरी जास्त. महत्त्वाचं हे, की मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं काही बिघडलं नाही. म्हणजे बुधवारचा वडापाव हा बुधवारचा वडापाव असतो. गुरुवारी पुन्हा नेहमीसारखं जेवायचं, बस्स.

या आठवड्यात एवढंच करा :

- तीन दिवस खाण्याला मजेचे मार्क द्या. पाचच्या खालची एकच गोष्ट निवडा आणि ती बंद करा. एकच!
- दिवसातलं एक जेवण मोबाइलशिवाय.
- ताटात आधी उसळ-कोशिंबीर, मग बाकीचं.
- रात्री नेहमीपेक्षा पाऊण तास लवकर झोपा.
- ‘मला अमुक करता यायला हवं’ हे वाक्य लिहून खोलीच्या दाराला आतून चिकटवा.
- सोबतीला एक जण शोधा. टोमणे न मारणारा.

आणि पुढच्या सोमवारची वाट बघू नका. आज जो कुठला वार असेल, तो चालेल. रात्री जेवताना पहिला घास जरा सावकाश चावा. कशी आहे भाजी? द्या मार्क!